मला राहू दे

ज्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात दोन विभागांचा एक विभाग झाला, त्याच उन्हाळ्यात माझा विषय गेला. परिपत्रकात शब्द होते ‘एकत्रीकरण व पुनर्रचना’. प्रत्यक्षात झालं एवढंच की संगणकशास्त्र आणि आयटी यांच्यामधलं प्लायवूडचं पार्टिशन सुताराने काढलं, दोन पाट्यांच्या जागी एक लांबलचक पाटी लागली, आणि जे जे दोन-दोन होतं त्यातलं एकेक जास्तीचं ठरलं. वॉटर कूलर जास्तीचा ठरला, तो होस्टेलला गेला. माणसांचं काय करायचं ते मात्र परिपत्रकात नव्हतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख, ज्याला मुलं नुसतं ‘एआय’ म्हणत, हा विषय दोन्हीकडे होता. आयटीत तो मी शिकवायचे, संगणकशास्त्रात माझी मैत्रीण. माझा त्या विषयावर जीव होता, हे इथे स्वच्छ सांगून टाकते. मी तो पुस्तकातून कमी आणि ग्वाल्हेरच्या रस्त्यांवरून जास्त शिकवायचे. पडाव नावाच्या चौकात सवारी टेम्पोतून उतरलेल्या माणसाला दाल बाजारात जायचंय, रस्ता माहीत नाही, तर प्रोग्रामने आधी कुठली गल्ली बघायची? पोरं फळ्याशी येऊन भांडायची. नुसतं सरळ रेषेतलं अंतर बघून निघालेला प्रोग्राम हटकून जयेंद्रगंजातल्या एका बंद गल्लीत जाऊन अडकायचा, आणि तिथेच राहणारी एखादी मुलगी मागच्या बाकावरून म्हणायची, “मैम, वहाँ से तो रास्ता ही नहीं है.” वर्ग हसायचा. अदमास कुठे उपयोगी पडतो आणि कुठे फसवतो, हे मग मला वेगळं सांगावं लागत नसे.

मैत्रीण पुण्याची, लग्न होऊन ग्वाल्हेरला आलेली. आम्ही दोघी पडावावरून एकाच बसने कॉलेजला जायचो. माझ्या मराठीची ती यथेच्छ टर उडवायची. तुझं मराठी म्हणजे नऊवारी नेसलेली हिंदी आहे, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगायचे, आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून लढायला आले, तेव्हा भाषा वाटेत थोडी सांडली असेल.

तिला सगळ्यात जास्त हसू यायचं ते माझ्या ‘मला राहू दे’चं. आमच्याकडे ते ‘मुझे रहने दे’चं सरळसरळ भाषांतर होतं. म्हणजे मला नको, मला यातून वगळ. चहा नको असला की मला राहू दे. समोसा, सहल, स्नेहसंमेलनाची कमिटी, सगळ्याला माझं उत्तर तेच. सुरुवातीला ती विचारायची, “कुठे राहू देऊ?” पुढे तिलाही सवय झाली आणि ती माझ्या वाटचा समोसा मुकाट्याने खायला लागली.

प्राचार्य सज्जन होते, पण कुणाचं वाईट आपल्या हातून होऊ नये याची त्यांना फार काळजी. त्यांनी आम्हाला दोघींना सांगितलं की एकत्र झालेल्या वर्गाला एआय एकीनेच शिकवायचं आहे, दुसरीला पहिल्या वर्षाचं प्राथमिक संगणक मिळेल, तर आपसांत ठरवून कळवा. आम्ही आपसांत काहीच ठरवलं नाही. बसमध्ये ती भाज्यांबद्दल बोलायची आणि मी खिडकीबाहेर बघायचे. मनातून दोघींनाही तोच विषय हवा होता आणि आधी तोंड उघडायची दोघींनाही लाज वाटत होती.

शेवटी एका दुपारी शिपाई तिला बोलवायला आला. सरांनी उत्तर मागितलं होतं. केबिनच्या दाराशी थांबून तिने मला विचारलं, “काय सांगू मी?”

मी विचार हिंदीत करते. पण तिच्यापुढे, आणि तेही इतकं महत्त्वाचं बोलताना, आपलं मराठी नीट यावं असं मला फार वाटलं. म्हणून घरची सगळी सवय बाजूला सारून, तिच्या पुण्याच्या अर्थाने, मी म्हटलं, “मला राहू दे.”

त्या विषयात मला राहू दे. माझं मागणं एवढंच होतं.

तिचे डोळे भरून आले. तिने माझा खांदा दाबला आणि ती आत गेली. मला वाटलं, बिचारीने मन मोठं केलं. तिच्यासाठी वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला होता.

ती बाहेर आली ती मला बिलगलीच. म्हणाली, “मी सरांना सांगितलं, ती नको म्हणतेय, मलाच द्या. तेव्हा कुठे ते बोलले. तू कायम आहेस आणि मी करारावर. हा विषय तुला गेला असता तर माझा करार ते पुढे चालू ठेवणार नव्हते. तू नको म्हणाली नसतीस ना, तर आज मी घरी बसले असते गं.”

तिच्या केसांना मोगऱ्याच्या तेलाचा वास येत होता, एवढंच तेव्हाचं आठवतं.

ती सरळ मनाची होती, तिने लबाडी केली असं मला कधी वाटलं नाही. आम्ही दोघी मुलांना हेच तर शिकवायचो, की एका वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर यंत्राने मागची उदाहरणं बघावी, बोलणारा आजवर काय म्हणत आला ते तपासावं, आणि जो अर्थ सगळ्यात जास्त वेळा खरा ठरला तो धरावा. तिने तेच केलं. माझ्या आजवरच्या सगळ्या ‘राहू दे’त एकदाही मी काही मागितलेलं नव्हतं. मी पुण्याचं बोलले आणि तिने ग्वाल्हेरचं ऐकलं. पद्धत अगदी बरोबर होती, आणि उत्तर चुकलं होतं.

तेव्हाच्या तेव्हा सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तिची नोकरी गेली असती, आणि मग तो विषय मी कुठल्या तोंडाने शिकवला असता? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, चल, बस चुकेल.

जुलैत मी पहिल्या वर्षाला फाइल सेव्ह कशी करायची ते शिकवायला लागले. तिचा वर्ग शेजारीच होता. पडाव नाही, दाल बाजार नाही, ती बुद्धिबळाच्या पटावरून शिकवायची. तिने वाईट शिकवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती छान शिकवायची, मुलं तिच्यावर खूश होती, आणि भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू आलं की खडू माझ्या हातातच राहायचा. एकदा मी लॅबमागच्या सामानाच्या खोलीत जाऊन रडले. प्रेमभंगाला लोक सहानुभूती दाखवतात. विषय गेला म्हणून रडणाऱ्या बाईला काय म्हणावं ते कुणाला सुचत नाही, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

काही वर्षांनी तिच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली. मी स्टेशनवर सोडायला गेले. सामान चढलं, नवरा आत जागेवर बसला, आणि ती दारात उभी राहून माझा हात हातात घेऊन म्हणाली, “एक विचारू? तुला त्या विषयाची तशी ओढ नव्हती ना? असती तर मला तो पचला नसता.”

तिचा चेहरा बघितला. ‘होती’ म्हटलं असतं तर तिची तेवढी सगळी वर्षं नासली असती.

“नव्हतीच,” मी म्हटलं.

तिला बरं वाटलेलं दिसलं. गाडी हलेपर्यंत तिने माझा हात घट्ट धरून ठेवला, आणि मला तो कधी एकदा सोडवून घेते असं झालं होतं.