दोरीवरचे शर्ट

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी मावशीकडे राहते. क्वार्टर तिच्या नावावर, घरात आम्ही दोघीच. मार्केट जवळच, तिथून मी जेंट्सचे शर्ट, वेस्टकोट, टाय असं एकेक आणायचे. मावशीला थाप मारलेली, दादासाठी घेतेय, दिवाळीला घरी नेईन. मला शर्ट आवडतात आणि मुलीही. घरी दोन्ही माहीत नव्हतं. मावशी ऑफिसला गेली की मी शर्ट घालून भटकायचे, आणि धुऊन गॅलरीत वाळत टाकायचे. मावशीला वाटायचं, नवे कपडे आधी धुतेय. शहाणी पोर.

वर माझी मिमिक्री. गावी उमरग्याला शाळेच्या गॅदरिंगमध्ये हेडमास्तर मीच व्हायचे. इथे मावशीच्या ऑफिसातले साहेब करते. जाड आवाजात, "मॅडम, फाइल कहाँ है?" मावशी पोळ्या लाटता लाटता हसून बेजार.

शेजारी कुणीतरी दोरी बघितली, आवाज ऐकला आणि कम्प्लेंट ठोकली: या क्वार्टरमध्ये भाड्याने पुरुष ठेवलाय.

शनिवारी दुपारी क्वार्टरवाल्या सरकारी ऑफिसातून दोघं चौकशीला आले. एक मिशीवाले साहेब, एक त्यांचा ज्युनिअर. साहेब थेट गॅलरीत.

"ये किसके हैं?"

मावशी पटकन म्हणाली, "इसके भाई के."

"तो भाई यहीं रहता है."

"नहीं नहीं, वो तो गाँव में है."

"अच्छा? भाई गाँव में, कपड़े दिल्ली में?" साहेबांनी शर्टाची बाही दाबून बघितली. "गीला है, मैडम."

मावशीचा चेहरा पांढरा पडला. पोटभाडेकरू ठेवल्याचं सिद्ध झालं तर क्वार्टर जाणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. एरवी अशा वेळी माझ्या तोंडून काहीतरी वात्रट निघतं. आज खरं निघालं.

"मेरे हैं," मी म्हणाले.

साहेब हसले. "बेटा, मौसी को बचाने के लिए कुछ भी?"

मी आत गेले. पलंगाखालच्या बॅगेतून पांढरा शर्ट काढला, करडा वेस्टकोट, टाय. टायची गाठ मी एरवी न बघता मारते, ती सुटत राहिली. बाहेर साहेब मावशीला काहीतरी विचारत होते. शेवटी बूट घातले आणि बाहेर आले.

सगळं मापात. बाह्या मी आधीच आखूड करून घेतलेल्या, मनगटावर नेमक्या बसल्या. ज्युनिअर टायकडे बघत राहिला. मावशी जमिनीकडे.

"और आदमी की आवाज़?" साहेबांनी विचारलं.

मी छाती काढली, नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं. "गीला है, मैडम."

हुबेहूब. ज्युनिअरला ठसका लागला. साहेबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. गेलं क्वार्टर, मला वाटलं.

"लिख दो, कोई जेंट्स नहीं," ते म्हणाले आणि पाणीही न घेता निघाले.

मावशी दार लावून कडीला हात लावून तशीच उभी.

"दादाचे नाहीत?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही, मावशी. मी अशीच आहे. म्हणजे... फक्त कपड्यांपुरती नाही."

"कळलं," ती म्हणाली. मग एकदम, "आधी ते बूट काढ! देवासमोर बूट घालून उभी आहेस."

मी लेस सोडायला वाकले आणि तिचा फोन वाजला. माझी आई. शनिवारचा फोन कधी चुकत नाही. मावशीने सवयीने स्पीकर लावला.

"काय करतेय आमची?"

मी लेस हातात धरून गोठले. मावशीने मला बुटापासून टायपर्यंत पाहून घेतलं.

"समोरच आहे. शर्ट घालून."

"कसला शर्ट?"

"जेंट्सचा. पांढरा, फुल बाह्यांचा." मावशी थांबली. "चांगला दिसतो गं तिला."

पलीकडून आईचा आवाज येईना. मावशीने फोन कट केला नाही. मीही लेस सोडली नाही.