दशकाचा गोल

"मॅडम, माह्या नातीचा हात सोडाले लावा पयले."

शाळा समितीचे अध्यक्ष वर्गात घुसले होते. चपलांसकट. मी दुसरीला दशक-एकक शिकवत होते. दहा मुलांनी हात धरून गोल केलेला. तो एक दशक. बाहेर तिघं सुटी. ते एकक. "तेरा!" वर्ग ओरडला होता. आणि गोलात त्यांच्या नातीचा हात आमच्या जातीच्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या पोरीच्या हातात होता.

"काऊन?" मी विचारलं.

"काऊन म्हणता? समजून-उमजून करून राह्यल्या तुमी."

मनगट धरून त्यांनी नातीला ओढलं. नळाखाली हात धुवायला लावले. सगळ्यांसमोर. वस्तीतली पोर स्वतःचा तळवा पाहत राहिली. काय लागलंय त्याला, म्हणून.

माझं अंग पेटलं. मोताळ्याजवळच्या गावात मीही अशीच दुसरीत होते. गुरुजी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या वाटायचे. दहा-दहाच्या जुड्या बांधायला. मला नाही. "तू दुरून पाय." दुरून पाहून दशक कळत नाही. बांधावा लागतो, सोडावा लागतो. मला बेरजेतला हातचा कळेना. "यायच्या डोक्यात गणित शिरतच नाही," गुरुजी म्हणायचे. मी ते खरं मानलं. मास्तरकी शिकायला गेले तेव्हा पहिल्यांदा जुडी स्वतः बांधली. डोकं शाबूत होतं माझं. तेव्हाचा संताप अजून उतरलेला नाही.

मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. अध्यक्ष खुर्चीत. मी उभी.

"माफी मागून टाका, मॅडम. विषय संपवा. उद्यापासून मणी वापरा."

"नाही सर. माफी त्या पोरीची मागायची आहे. यांनी."

अध्यक्ष हसले. "लय बोलून राह्यल्या. बदली करतो तुमची."

"करा."

मी वर्गावर परत गेले. 

दुसऱ्या दिवशी नात आली नाही. तिच्या भावकीतली पोरंही गेली, गाडीत बसून, तालुक्याच्या शाळेत. गोलात दहा भरेनात. मग मीच गोलात शिरले. शेजारी ती वस्तीतली पोर. मी हात पुढे केला. तिनं आपला हात फ्रॉकमागे लपवला.

"मले नको, मॅडम."

मी हात तसाच पुढे ठेवला. तिनं दिला नाही. अजूनही देत नाही.

मी लेखी तक्रार केली आहे. ती मागे घ्या म्हणायला माणसं रोज घरी येतात. घेणार नाही. बदली होईल. होऊ दे. नव्या गावातही पोरांचे हात एकमेकांच्या हातात देईन. आणि कुणी ते सोडवायला आलाच, तर मधे मी असेन.