खवल्यांतल्या फटी

एका खवल्यात हिरवा रंग ओतला आणि कॉम्प्युटरचा सगळा पडदा हिरवा झाला. आभाळ हिरवं, जमीन हिरवी. चार वाजले होते. पाचला फोटोग्राफर येणार होता.

परभणीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमधली ही गोष्ट, विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीची. त्याआधी मी पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या, नामांतराच्या मोर्चांचे फलक, सगळं हातानं. मग शिडीवरून पडलो, गुडघा गेला. क्लासच्या देशमुख सरांनी माऊसवर चित्रं काढायला ठेवून घेतलं, पण बोलीवर. पहिलं काम जमलं तर नोकरी, नाही तर घरी. शिडी चढता न येणाऱ्या पेंटरला घरी बसून काय काम मिळणार? रात्री झोप लागत नव्हती.

पहिलं काम ताडकळसच्या रंगनाथरावांचं. त्यांचं फवारणीच्या औषधांचं दुकान. पोस्टरवर त्यांना बोंडअळीचा राक्षस हवा होता. अळीचं धड, वाघाचं तोंड, वटवाघळाचे पंख, आणि अंगभर खवले, एकाआड एक हिरवे-पिवळे. रंगीत प्रिंटर आमच्याकडे कुठला? खोली अंधारी करून पडद्याचाच फोटो काढायचा आणि तो छापखान्यात द्यायचा, असं ठरलं होतं. तीन दिवस मी माऊसनं रेघा ओढत होतो. पंख आणि तोंड रंगवून झालं होतं. धड सोपं वाटलं म्हणून शेवटी ठेवलं.

रंग भरायला पडद्यावर एक बादली असते. ती उचलून बंद आकारात क्लिक केलं की आकार भरतो. पण रेघेत टाचणीच्या टोकाएवढी फट असली तरी रंग बाहेर सांडतो.

माझ्या प्रत्येक खवल्यात फट होती. पाटी रंगवताना दोन ओल्या रेघा जोडल्या की सांध्यात रंग साचतो आणि ओघळतो. म्हणून मला पाट्या शिकवणाऱ्या उस्तादांनी सांध्यात केसभर जागा सोडायला शिकवलं होतं. हात माऊसवर आला तरी ती खोड सोडत नव्हता.

"काय करायलास रे?" सर मागून म्हणाले.

"रंग सांडायलाय, सर. खवले उघडे राहिलेत."

"किती?"

"सगळेच."

सर खुर्चीत बसले. "उद्यापासून फोटोग्राफरला लग्नाच्या ऑर्डरी हायेत. आज न्हाई झालं तर फोटो न्हाई."

अनडू केलं, म्हणजे रंग परत घेतला. चित्र मोठं करून एकेक फट बुजवू लागलो. वीस मिनिटांत अकरा खवले झाले. उरलेले मोजायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात रंगनाथराव आले आणि माझ्या मागे बसले. घामानं माऊस हातातून निसटत होता.

मग डोक्यात आलं. रंग एका खवल्यातून दुसऱ्यात जातोय ना, जाऊ दे. आपण फक्त धडाची बाहेरची रेघ बंद करू.

मानेपासून पाठीवरून पोटापर्यंत रेघ तपासली. ओतलं. पडदा हिरवा. अनडू. पंखाखाली फट सापडली. पुन्हा ओतलं. पुन्हा हिरवा. सरांनी चष्मा काढून डोळे मिटले. फोटोग्राफर आला, त्यानं खिडकीवर गोधडी टांगली. शेवटची फट शेपटीच्या टोकाला निघाली.

तेव्हाचा कॉम्प्युटर सावकाश भरायचा. हिरवा रंग खवल्याखवल्यातून सरकत गेला, शेपटीला पोचला आणि तिथेच थांबला. आधी बुजवलेले अकरा खवले मी एकेक करून हिरवे भरले.

"पिवळे खवले कुठं गेले?" रंगनाथरावांनी विचारलं.

"काका, कापसाच्या पऱ्हाटीत अळी चटकन दिसती का? हिरव्यात हिरवी. म्हणून तर तिची भीती." हे मी नोकरी वाचवायला बोललो, कबूल करतो.

ते पडद्याजवळ वाकले. "हां. आमच्याबी रानात दिसत न्हाई ती," म्हणाले. "काढा फोटो."

नोकरी पक्की झाली. पुढे कित्येक वर्षं मी आधी बाहेरच्या रेघेचं कुंपण बंद करून मगच बादली उचलली.

दोन वर्षांनी मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीची पाटी हौसेनं हातानं रंगवून दिली, घरातच, जमिनीवर बसून. सवयीनं सगळे सांधे घट्ट जोडले होते. पाटी भिंतीला उभी केली आणि प्रत्येक अक्षराच्या कोपऱ्यातून काळा रंग ओघळू लागला.

"हात बिघडला तुमचा, दाजी," मेव्हणा म्हणाला. खरंच होतं ते.