कराचीला दिलेली लेक

सासरी आल्यावर मला सगळ्यांत जड गेलं ते गप्प बसणं. माहेरी जानेफळला मी बोलून बोलून घर डोक्यावर घ्यायची, आणि इथं रोहिणखेडच्या बाजूच्या या गावात नशिबी आलं पोलीस पाटलाचं घर. ओट्यावर दिवसभर माणसांचा राबता, भांडणं, तक्रारी, साक्षी. आणि मी आपली डोक्यावर पदर घेऊन दाराआड कान टवकारून उभी. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, कान दारात ठेव न बाकीची तू चुलीजवळ जाय." मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, सुनेनं बोलायची रीत नव्हती. पण दाराआडून बोललेलं 'समोर' धरत नाहीत, असा कायदा मी आपला आपणच करून घेतला होता.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात गावच्या मणेरणीची लेक आली. मणेरीण म्हणजे घरोघर फिरून बायकांना बांगड्या भरणारी म्हातारी. तिचे हात आता कापायला लागले होते; बांगड्या भरता भरता निम्म्या तिच्या हातून वाढायच्या, म्हणजे फुटायच्या. ही तिची एकुलती एक लेक, फाळणीच्या धामधुमीत नवऱ्यामागं कराचीला गेलेली. मूलबाळ झालं नाही. नवरा तिकडं वारला, दिरांनी घराबाहेर काढलं, तेव्हा आईला भेटायचा परवाना काढून ही आली. मोटाळ्याच्या मोटारीतून उतरली तेव्हा तिच्या अंगात सलवार-कमीज होती. दुसऱ्या दिवशी पाहते तर आईचं जुनं लुगडं नेसून विहिरीवर पाणी भरत होती.

सगळं गाव तिला पाहायला लोटलं. लेक माहेरी आली की घरोघरचं बोलावणं जातं, तसं हिलाही गेलं. कोणी पुरणाची पोळी पाठवली, कोणी चोळीचा खण. कराचीहून आली म्हणून कोणाला काही वेगळं वाटलंच नाही. अमडापूरला दिलेली येते, तशी ही कराचीला दिलेली आली. एवढंच.

मला मात्र तिच्याबद्दल उत्सुकता म्हणजे किती! आईची टोपली तिनं उचलली तशी मी दर चार-आठ दिवसांनी काही ना काही निमित्त काढून बांगड्या भरून घ्यायची. सासूबाई कुरकुरल्या, "बाई विधवा, न सवाष्णीच्या हातात बांगड्या भरते?" मग स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे, गावची लेक हाय." माझा हात हातात घेऊन ती अंगठ्याचा सांधा हळूच दाबायची आणि म्हणायची, "हात सैल सोड. तू बोलत राह्य, म्हंजे सैल सुटते." मग काय, मला तेवढंच हवं होतं. समुद्र केवढा असतो? तिकडं ज्वारी खातात का? तिथं तुम्ही काय करत होतात?

"हेच," ती म्हणाली. "बांगड्याच भरत होती. हात साऱ्याइचे सारखेच, बाई. कुठीही जा, अंगठ्याचा सांधाच आडवा येते."

तिची वऱ्हाडी बोली ऐकून म्हातारी माणसं हसायची, कारण ती आमच्यापेक्षाही जुनी होती. गेली तेव्हा जशी होती तशीच तिनं ती परत आणली होती. तिकडं वापरायला कोणी नव्हतंच, तर झिजणार कशी?

आता परवान्याला मुदत असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मुदत संपत आली. एकदा अर्ज करून वाढवून मिळाली, ती पण संपली. तेवढ्यात म्हातारी मणेरीण अंथरुणाला खिळली. लेक म्हणाली, "हिले अशी टाकून मी जात नाही." झालं. त्या दिवसापासून ती सरकारच्या लेखी चोरून राहिलेली परदेशी माणूस झाली. आणि गावात परदेशी माणूस असला तर ठाण्याला कळवायचं काम होतं आमच्या मामाजींचं.

मामाजींचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचा स्वतःचा बैल एकदा शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरला. शेजारी म्हणाला, राहू द्या पाटील. पण मामाजींनी तो बैल आपल्या हातानं कोंडवाड्यात नेऊन घातला आणि दंड भरून सोडवला. "कोंडवाडा बैलाचा मालक पाहत नाही," म्हणाले. असा माणूस त्या बाईबद्दल मात्र काही बोलेना. ओट्यावर बसून सुपारी कातरायचे, कातरायचे, आणि न खाताच ठेवून द्यायचे.

शेवटी माझ्यानं राहवलं नाही. दाराआडून विचारलं, "मामाजी, ते बाई परदेशी कशी? याच गावात जन्मली ना?"

मामाजी रागावतील वाटलं होतं. पण त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "आपलं गाव आधी नागपूरच्या सरकारात होतं. मंग मुंबईच्या आलं. आता महाराष्ट्र झाला. गाव जागचं हाललं नाही, पन सरकार बदलून राह्यलं. ते पोरगी तं हालली."

"मंग सांगूच नका ना ठाण्यात. कोनाचं काय जाते?"

"कोनाचं जाते?" आता त्यांचा आवाज चढला. "लपवलं न उद्या उघडं पडलं, तं माही पाटीलकी जाईन, जाऊ दे. पन गावात मुसलमानाइचे चार-दोन घरं हायेत. फौजदार म्हनन, यायनं पाकिस्तानची बाई लपवली. तिच्या चुलतभावाइले ठाण्यात उभं करन. मंग त्याइले कोन सोडवीन, तू?"

हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटत होतं दया एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला, की झालं सोपं. इथं दया केली तर तिसऱ्याच्याच गळ्याशी येणार होती.

मामाजींनी मग आपल्या परीनं तोड काढली. ठाण्याला खरं ते कळवलं. पण त्याआधी सगळ्या गावाला चावडीवर बोलावून सांगितलं, "फौजदार चौकशीले येईन. कोनी खोटं बोलू नका. जे हाय ते सांगा. अख्खं गाव म्हनन का हे आपली लेक हाय, तं सरकारले आयकाच लागन." गावाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं त्यांना वाटायचं. आम्हालाही वाटायचं.

फौजदार आला तो पुण्याकडचा, तरुण, साखरेसारखं मराठी बोलणारा. आमचं बोलणं ऐकून त्याला मधूनच हसू यायचं, पण माणूस वाईट नव्हता. चावडीत पुरुष बसले, भिंतीच्या कडेनं आम्ही बायका. मणेरणीची लेक मधोमध मान खाली घालून.

एकेकानं सांगायला सुरुवात केली. काय सांगू, लग्नघर असल्यासारखा उत्साह! कोणी म्हणालं, हिचा बाप माझ्या बापाचा जिवलग. कोणी म्हणालं, हिच्या निकाहाचा मांडव आम्ही घातला. सासूबाईंनी तर कहर केला. पदर सावरून उठल्या आणि म्हणाल्या, "सायेब, हिले सासरी वाटी लावाले आमी साऱ्या जनी शिवेपावतर गेलतो. रडून रडून आमचे डोये सुजले. लेकच हाय ना आमची! दिल्या घराहून माहेरी आली, यात काय चोरी हाय?"

आम्ही सगळ्या जणींनी माना डोलावल्या. मी तर सगळ्यांत जोरात.

फौजदार लिहायचा थांबला. "म्हणजे हिला तुम्हीच दिली?"

"हाव, आमीच देल्ली."

"माहेरी आली म्हणता. मग हिचं घर कोणतं?"

मग पुढच्या म्हाताऱ्याकडे वळून त्यानं शांतपणे विचारलं, "मी तुमच्याच रीतीनं विचारतो, आजोबा. दिलेली लेक कोणाची?"

पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं गावातल्या शंभर लग्नांत हे वाक्य म्हटलं असेल. मुलीची पाठवणी करताना तोच पुढं होऊन म्हणायचा. त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दिल्या घरची."

आणि त्याच्या लक्षात आलं. त्यानं तोंडावर हात ठेवला. गावानं जे जे तिच्या बाजूचं म्हणून सांगितलं होतं, ते सगळं तिच्या विरुद्ध जाऊन बसलं होतं. आम्ही तिला पुरती परकी करून टाकली, आणि तीही किती प्रेमानं!

"कायदाही हेच म्हणतो," फौजदार म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मला कबूल करायला हवं.

"अन् नवरा मेला तं? सासरच्याइनं हाकललं तं?" हे मी बोलले. चावडीत, पुरुषांदेखत. सासूबाईंनी असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला.

फौजदारानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठल्या?"

"जानेफळची."

"तुमचं नाव मतदार यादीत कुठं आहे?"

"इथंच."

"मग जानेफळच्या कशा?" म्हणाला आणि पुन्हा लिहायला लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. लग्नाआधी जानेफळची, लग्नानंतर इथली. हे बदललं कधी, कोणाला विचारून बदललं, हा प्रश्न मला त्या दिवसाआधी कधीच पडला नव्हता.

जाण्याआधी तो मणेरणीच्या घरी गेला. खाटेवरची म्हातारी पाहिली. बाहेर येऊन मामाजींना म्हणाला, "आई अंथरुणावर आहे, असं मी वर लिहितो. आई आहे तोवर मुदत मिळवून देईन. त्याच्यापुढं माझ्या हातात नाही, पाटील."

आता नवल ऐका. खरं सांगते, तोवर त्या म्हातारीकडे कोणी फारसं बघत नव्हतं. म्हातारं माणूस आहे, आज ना उद्या जाणार, असंच सगळे धरून होते. पण फौजदाराची पाठ वळली आणि अख्खं गाव तिला जगवायला उठलं. कोणी शेळीचं दूध आणतंय, कोणी मुगाचं कढण. वैद्याला बैलगाडी पाठवून आणलं. सासूबाई रोज सकाळी माझ्या हाती वाटीभर साजूक तुपातला शिरा देऊन पाठवायच्या, आणि परत आले की पहिला प्रश्न, "खाल्ला का तिनं?" एरवी तूप मोजून वाढणारी बाई ती.

म्हातारीला सगळं कळत होतं. घास गिळवत नसला तरी गिळायची. एकदा लेक पाण्याला गेलेली पाहून मला जवळ बोलावलं. म्हणाली, "पोरी, जित्त्या मानसाले परवाना लागते हे मी आयकलं होतं. मले मराचा परवाना कोन देईन, सांग." आणि तोंडाचं बोळकं उघडून हसली. मी तिच्या तोंडात शिऱ्याचा घास घातला.

पावसाळा काढला तिनं. सुगीही काढली. थंडी मात्र काढवली नाही. एका सकाळी लेकीच्या मांडीवर गेली. माती द्यायला गावातली झाडून सगळी माणसं गेली.

परत आल्यावर मामाजी ओट्यावर बसले. सासूबाई पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाल्या, "पंधरा दिस थांबून सांगतलं ठाण्यात, तं काय बिघडते?" सासूबाईंनी नवऱ्याला असं काही सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पंधरा दिसानं मंग महिना म्हनसान," मामाजी म्हणाले. "त्या सायेबानं आपल्या शब्दावर मुदत देल्ली. आपून खोटं निघालो, तं पुढच्याले तो देईन का?" आणि त्यांनी डोळे पुसले. सरळ पुसले, लपवले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि इतकी कीवही. दोन्ही एकाच वेळी पोटात कशी मावतात, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात जाऊन सांगून आले.

हुकूम आला. जायच्या दिवशी आम्ही बायका तिच्या दारात जमलो. सासूबाईंनी ताट आणलं होतं, त्यात तांदूळ, नारळ, खण. माहेराहून निघालेल्या लेकीची ओटी भरतात. विधवेची भरत नाहीत, आणि ही तर मुसलमानाची. पण सासूबाईंना कोणी अडवलं नाही. त्यांनी तांदळाची ओंजळ पुढं केली.

तिनं पदर पसरला नाही.

"काकू, ओटी भरू नका," ती म्हणाली. "ओटी सासरी जानारीची भरतात."

बाहेर मामाजी गाडी जुंपून उभे होते. ती त्यांच्याकडे वळली. "पाटीलकाका, तथी माह्यं कोनी नाही. दिरानं दार लावून घेतलं. मले कुठी पाठवून राह्यले तुमी?"

मामाजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असायचं. "मले ठाव नाही, पोरी," एवढंच म्हणाले, आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून तसेच उभे राहिले. कासरा काही त्यांच्यानं उचलवेना.

तिनं स्वतःचं गाठोडं उचललं, चाकावर पाय देऊन गाडीत चढली, आणि म्हणाली, "चाला, काका. मोटार चुकली तं बोल तुमच्यावर येईन."