बाटलीत आलेला मासा

पाणीवहिनी एकदा हसायला लागली की तिला आवरणं कोणाच्या बापालाही जमत नसे. स्वतःच्या लग्नात फोटोवाला "जरा गंभीर व्हा" म्हणाला, त्यावरून ती जी सुटली, की शेवटपर्यंत एकही फोटो सरळ आला नाही. नवरा कोळसा खाणीत पंपावर होता आणि ही खाणीच्या ओढ्यावर. उंच गमबूट चढवायचे, पाण्यावर आडवा दोर ताणायचा, काठीला लावलेला छोटा पंखा बुडवून प्रवाहाचा वेग बघायचा आणि बाटल्या भरून प्रयोगशाळेत पाठवायच्या. आधी खाणीच्या वरच्या अंगाला, मग खालच्या.

वरचं पाणी नितळ होतं. खालचं मात्र ती कामाला लागली तेव्हा गंजक्या पत्र्यासारखं दिसायचं. दगडांवर नारिंगी साय, आणि पाणी इतकं आंबट की बेडूकसुद्धा त्या अंगाला फिरकत नसे. तिने वर्षानुवर्षं तेच आकडे कळवले. अखेर खाणीच्या व्यवस्थापकांनी खाणीतून येणारं सगळं पाणी चुनखडीच्या चरातून आणि मग गाळ बसायच्या तळ्यांतून फिरवायला लावलं. "साहेब ओढ्याला पित्ताची गोळी देताहेत," असं म्हणून अख्खी खाण हसली. पाणीवहिनीही हसली, पण ती कशालाही हसते म्हणून साहेबांनी मनावर घेतलं नाही.

हळूहळू पाण्याचा रंग उतरला, आंबटपणा कमी झाला. जीवजंतू मात्र काही दिसेना. ओढा आजारातून उठलेल्या माणसासारखा नुसताच पडून होता.

अशातच नणंद चार दिवस राहायला आली. तिचं शिवणाचं दुकान होतं आणि तोंड शिलाई मशीनपेक्षा जोरात चालायचं. "घरात बसून दादाचं घोरणं ऐकू की काय?" म्हणत ती सकाळीच वहिनीबरोबर ओढ्यावर निघाली आणि खालच्या अंगाला काठावर छत्री उघडून बसली.

पाणीवहिनीने बाटली बुडवली, वर काढली, उजेडात धरली. आत काहीतरी वळवळलं. काडी असेल म्हणून तिने डोळे बारीक केले, तर काडीला शेपटी होती आणि दोन टपोरे डोळे!

"आला! वन्सं, आला!"

नणंदेला वाटलं, वरचं गाळाचं तळं फुटलं आणि लोंढाच आला. पळून जायचं सोडून ती वहिनीला वाचवायला उघड्या छत्रीसकट पाण्यात शिरली. "हात दे! वहिनी, हात दे!"

"हात कुठला देऊ? हातात मासा आहे!"

"काय आहे?"

"मासा!"

नणंदेचा पाय गुळगुळीत दगडावरून सटकला. तिने आधारासाठी वहिनीला धरलं आणि दोघी धपकन पाण्यात बसल्या. बसल्यावर पाणी जेमतेम कमरेइतकं. बाटलीचा हात तेवढा उंच राहिला. छत्री वाऱ्याने उलटी होऊन प्रवाहाबरोबर डौलात वाहत निघाली. ती बघून पाणीवहिनी म्हणाली, "पंखा कशाला हवा? वेग बघा की तिचा!" आणि दोघींची मुरकुंडी वळली.

नेमक्या त्याच वेळी व्यवस्थापकांची जीप काठावर थांबली. साहेब कडक इस्त्रीचे, बोलणंही तसंच.

"काय चाललंय हे?"

पाणीवहिनीला बोलायचं होतं, पण तोंडातून नुसते फुसफुस आवाज. तिने बाटली पुढे केली. साहेबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला.

"खालच्या अंगाला मिळाला?"

तिने जोरजोरात मान हलवली. साहेबांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत नीट खोचले आणि कडक इस्त्रीच्या पँटसकट ओढ्यात उतरले. "सोडा त्याला. मी बघतो," ते म्हणाले, आणि मासा दगडाआड दिसेनासा झाल्यावर लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले.

पाणीवहिनीने बातमी कळवली, तर प्रयोगशाळेतल्या बाई फोनवर शांत होत्या. "एक मासा वरून वाहतही आला असेल. तिथेच राहणारं काही दाखवा."

बोलणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पाणीवहिनी पुन्हा पाण्यात, नणंद काठावर. दगड उचलायचा, खालची बाजू बघायची, जागच्या जागी ठेवायचा. पाठ मोडायला आली आणि एका चपट्या दगडाखाली तीन शेपट्यांचे इवलेसे किडे सरसर पळाले. त्यांच्याशेजारी जेलीसारखी अंडी चिकटलेली. पाहुणे नव्हेत, हे तर बिऱ्हाड थाटून बसलेले!

तिने फोन लावला. "बाई, बाळंतपणं चाललीत इथे!"

 पलीकडे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या शांत बाई खळखळून हसल्या. ते ऐकून पाणीवहिनी सुटली, तिला बघून नणंद सुटली, आणि फोन तसाच चालू ठेवून तिघी कितीतरी वेळ हसत राहिल्या.