टाकीत गेलेली संत्री

मी केमिकल इंजिनिअरिंग शिकवते, पण घासाघीस शिकले एपीएमसी मार्केटात. आई तिथून भाजी उचलून दिघ्याला विकायची आणि तिच्या वतीने शेठ लोकांशी भांडायचे मी. पुढे अॅडमिशन, फेलोशिप, नोकरी, सगळं तसंच भांडून घेतलं. फक्त लॅब मिळाली नाही. नवी लॅब माझ्याहून ज्युनिअर सरांना दिली, कारण ते परदेशातून आले होते. मला कॅन्टीनमागची पत्र्याची शेड. तो राग मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही.

शेडमध्ये आमची टाकी होती, मार्केटातल्या टाकून दिलेल्या भाजीपासून गॅस करणारी. गॅस करतात आतले जिवाणू. त्यांना रोज सकाळी वजन करून खायला घालावं लागतं, नाहीतर मरतात. माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला ही टाकी सलग नव्वद दिवस चालवून दाखवायची होती. ती खाडीकाठच्या गावातली, दोन मुलांची आई, चांगली नोकरी सोडून आलेली. तिची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि यापुढे वाढणार नाही असं लेखी आलं होतं. नव्वद दिवस भरले नाहीत तर पाच वर्षं पाण्यात.

एकाहत्तरावा दिवस रविवारी आला. तिच्या दिराची हळद होती, म्हणून खायला घालायचं काम मी घेतलं. आमचा नेहमीचा व्यापारी त्या दिवशी अडून बसला.

"ताई, कोबीचा पाला निवडून पायजे ना? मग ही खराब संत्री पन उचला. दोन गोणी."

"एक गोण. आणि पाला महिनाभर, कचरा न मिसळता."

"तुमी कसल्या प्रोफेसर? तुमच्यापुढं आमचे दलाल बरे."

सौदा जिंकल्याच्या खुशीत मी शेडवर आले. गुरुवारी पीएचडीची समिती टाकी बघायला येणार होती. संत्र्यात साखर भरपूर, म्हणजे गॅस उसळणार आणि त्या सरांच्या लॅबमधल्या टाकीपेक्षा आमचा आकडा मोठा दिसणार. सालीतल्या तेलाने जिवाणू मरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी परीक्षेत मी तो प्रश्न घालते. पण गोणभर संत्री सोलत कोण बसणार? एवढ्याने काही होत नाही, असं ठरवून सगळी चिरून आत लोटली. टाकीत जे जाईल ते त्याच क्षणी रजिस्टरमध्ये लिहायचं आणि सही करायची, हा नियम माझाच. मी लिहिलं, कोबीचा पाला. सही केली.

मंगळवारी गॅसचं मीटर जवळजवळ थांबलं. आतून आंबूस वास यायला लागला. तिने चुना घातला, तबेल्यातून शेण आणलं, टाकीला गोणपाट गुंडाळलं. मी कॅन्टीनवाल्यांना झापून आले, इथे साबणाचं पाणी कुणी ओतलं म्हणून. खरं काय ते मला माहीत होतं, तरी झापलं.

बुधवारी ती चाळणी घेऊन समोर उभी राहिली. टाकीतून निघालेला गाळ तिने गाळला होता.

"मॅडम, कोबीला बिया कदी आल्या?"

मी चाळणीत पाहिलं. संत्र्याच्या बिया होत्या.

"तुमी टाकली संत्री?"

"हो."

"सालीसकट?"

"हो."

"मग कॅन्टीनच्या मामांना काल कशाला झापलं?"

तशीच टाकी त्या सरांच्या लॅबमध्ये चालू होती. तिच्यातली जिवंत स्लरी, म्हणजे जिवाणूंनी भरलेला पातळ गाळ, मिळाली तर आमची उठली असती. मी वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे गेले. काय देऊन काय मागायचं, सगळं ठरवून गेले होते. मागणं पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "न्या की मॅडम. किती कॅन हव्यात?" बदल्यात काही मागितलं नाही. एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. मी निघाले तेव्हा त्यांनी फक्त आठवण करून दिली, "रजिस्टरमध्ये नोंद करा. दुसरी स्लरी घातली की दिवस पुन्हा एकपासून."

तिच्या मुदतीला पाच आठवडे उरले होते.

कॅन शेडमध्ये ठेवून मी दार लावलं. "लिहू नकोस. इथे आपण दोघीच आहोत."

"आतापरेंत लिवलंय ते सगळं खरं हाय, मॅडम," ती म्हणाली. "आज खोटं लिवलं तर त्याचं काय करू?"

रविवारच्या पानावरचा 'कोबीचा पाला' तिने एका रेघेने खोडला, वर 'संत्री, सालीसकट' असं लिहिलं आणि रजिस्टर सहीसाठी माझ्याकडे सरकवलं. मी सही केल्यावर तिने बुधवारच्या पानावर स्लरीची नोंद केली.

गुरुवारी मी समितीपुढे उभी राहिले. चूक माझी आहे, म्हणाले. तिला तीन महिने द्या, हवं तर माझं प्रमोशन थांबवा, शेड काढून घ्या. अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, हा बाजार नाही." तिचं पीएचडीचं रजिस्ट्रेशन रद्द झालं. करायचं तर नव्याने, पहिल्या वर्षापासून.

आठवड्याने तिने माझ्या टेबलावर एक फॉर्म ठेवला. ती पुन्हा सुरुवात करणार होती, पण त्या सरांकडे. माझी ना हरकत सही हवी होती.

"माझ्याकडे राहिलीस तर मी दोन वर्षांत डिग्री काढून देते," मी म्हणाले.

"तुमी द्याल. पन मना आता रोज चाळनी लावून बघाया लागंल."

दोन दिवस मी तो फॉर्म ड्रॉवरमध्ये दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी ती आली, बसली नाही. "आज शेवटची तारीख हाय, मॅडम."

सही केली. तिने ती नीट तपासली, तारीखही वाचली, आणि फॉर्म घेऊन जिन्याने वर गेली.