एकच कॅसेट

कचऱ्याची पिशवी गाडीत टाकण्याआधी तो ती दोन्ही हातांनी दाबून बघायचा. पीठ मळावं तशी, खालपासून वरपर्यंत. मग मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत विचारायचा, "बाय, चुकान काय गेला नाय मा?"

बहारीनला माहूजमधल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी हा प्रश्न. मी नर्स. नाइट शिफ्ट करून आलेली, डोळे उघडे राहत नाहीत, आणि खाली हा मालवणकडचा माणूस माझ्या कांद्याच्या साली चाचपत उभा! "नाही हो भाऊ, टाका एकदाचं!" मी वरून ओरडायची. गाडीचा ड्रायव्हर, मआमीर गावचा एक म्हातारा अरब, हॉर्न दाबून "यल्ला, यल्ला" करायचा. याला ढिम्म फरक पडत नसे.

तुमच्याही गल्लीत असा कोणी असेल, आणि तुम्हीही त्याला हसला असाल. आम्हीही हसायचो. पण तो आधी असा नव्हता. आधी पिशव्या लांबूनच भिरकवायचा, एकही नेम चुकायचा नाही. त्याची स्वतःची कॅसेट त्याच्याच गाडीतून गेली, तेव्हापासून हे दाबून बघणं सुरू झालं.

ओळख झाली ती माझ्या नवऱ्याच्या दातांमुळे. नवरा हॉटेलात कामाला. रात्री कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळून ठेवली, आणि मी तो रुमाल कचऱ्यात टाकला. सकाळी घरात एकच हलकल्लोळ. मी गाऊनवरच जिने उतरून गाडीमागे धावले. यानं गाडी थांबवली, मागच्या तोंडातून आत चढला आणि थोड्या वेळानं हात वर करून बाहेर आला. "गावले, बाय! हसतत बगा!"

अशा माणसाला चहा नको पाजायला? शुक्रवारी बोलावलं. आला तो धुतलेला शर्ट घालून, केस चापून बसवून. चहा पीत असताना त्याची नजर आमच्या टेपरेकॉर्डरवर गेली. जरा वेळानं खिशातून एक कॅसेट काढली आणि लाजत म्हणाला, "घरकारणीची आसा."

त्याला आणि बायकोला, दोघांनाही लिहिता येत नव्हतं. म्हणून ती गावात कोणाकडे तरी बसून कॅसेट भरायची आणि रजेवरून परतणाऱ्या माणसाबरोबर पाठवायची. हा ऐकायचा, आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पाठवायचा. दोघांत मिळून कॅसेट एकच. तिच्या बोलण्यावर याचं, याच्या बोलण्यावर तिचं.

आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन बसायचो, पण ऐकू सगळं यायचं. तांबड्या कोंबडीनं पिल्लं काढली. शेजारणीनं बांध सरकवला. आणि दर दोन वाक्यांनी, "आयकतास मा?" हा इकडे मशीनसमोर मान हलवून म्हणायचा, "आयकतंय गे, आयकतंय." मला हसू आवरायचं नाही. देवाशपथ, पदर तोंडात कोंबायची.

माझ्या नवऱ्यानं एकदा त्याच्यापुढे कोरी कॅसेट ठेवली. म्हणाला, "तिचं पुसतोस कशाला? राहू दे की." तर हा म्हणतो, "कित्याक? ती परत बोलतली मा."

एका खेपेला तिचा खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, बोलणं मध्येच तोडणारा. मला तो बरा वाटला नाही. बाहेर येऊन म्हटलं, "भाऊ, रजा मागा." त्यानं मागितली. साहेबानं सांगितलं, उन्हाळा झाल्यावर, इंशाल्ला.

पुढच्या खेपेला कॅसेट हाती आली नाही. गावचा माणूस आला आणि हा ड्यूटीवर असताना त्याच्या सनाबिसच्या खोलीवर सुक्या सुंगटांचं, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचं, पुडकं ठेवून गेला. पुडकं प्रवासात भिजलं होतं. वास सुटलेला, अळ्या वळवळत होत्या. खोलीतली माणसं वैतागली. यानं ते न उघडता तसंच पिशवीत घालून दाराबाहेर ठेवलं. सनाबिस त्याच्याच फेरीवर होतं, माहूजच्या आधी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी यानंच उचलली आणि लांबून गाडीत भिरकावली.

त्याच आठवड्यात कंपनीत फोन आला. बायको गेली.

शुक्रवारी तो गावचा माणूस भेटायला आला. याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "निदान तिचो आवाज तरी आयकलंस." विमानतळावर कॅसेटी काढून घेतात असं कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून तिनं कॅसेट सुंगटांत लपवली होती. नवरा आधी सुंगटांतच हात घालणार, याची तिला खात्री होती.

कचरा टाकायची जागा दूर वाळवंटात होती. म्हाताऱ्या ड्रायव्हरनं आपली पिकअप काढली आणि काही न विचारता याला तिकडे नेलं. कुठल्या दिवशीची गाडी कुठे रिकामी झाली हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तिथे रोज संध्याकाळी बुलडोझर कचऱ्यावर वाळू ओढतो. ते दोघं हातांनी खणत राहिले. शेवटी म्हाताऱ्यानंच त्याला धरून उठवलं. "खलास," म्हणाला, आणि स्वतःच रडायला लागला.

परत येताना तो आमच्या दारात आला. नखं तुटलेली, बोटं सोललेली. मी त्याचे हात धुऊन पट्ट्या बांधल्या. तो एकच वाक्य म्हणत होता, "मियांच टाकलंय, बाय. ह्याच हातांनी."

त्यानंतरही तो शुक्रवारी यायचा. बंद टेपरेकॉर्डरसमोर बसायचा. एकदा म्हणाला, "तुमी आयकलास मा तिचो आवाज? कसो होतो?" माझ्या कानात तो स्पष्ट होता हो! पण सांगणार कसा? मी वसईची, माझ्या जिभेवर ते मालवणी कुठून यायला? तरी म्हणून बघितलं, "आयकतास मा?" त्यानं डोळे मिटले. "तसोच, बाय. तसोच," म्हणाला. तसा मुळीच नव्हता. आम्हा दोघांनाही ते कळत होतं.

काही वर्षांनी कंपनीचं कंत्राट संपलं आणि त्याचा व्हिसाही. घरी परत जायचं ठरलं. मला राहवलं नाही. तिची आठवतील तेवढी वाक्यं, ती कोंबडी, तो बांध, सगळं मी माझ्या आवाजात एका कॅसेटवर भरलं. शेवटच्या शुक्रवारी ती त्याच्या हातात ठेवली.

त्यानं मशीनवर ती थोडी ऐकली. मग स्वतःच बटण बंद केलं आणि कॅसेट माझ्या हातात परत दिली. रागानं नाही. कानाला बोट लावून म्हणाला, "नको, बाय. हय थोडी आसा अजून. ह्यां भरलंय तर तां पुसान जायत."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. लाज कसली त्यात.

ती कॅसेट घरात ठेवायचा मला धीर होईना. तिच्यावर गाणी भरायचा तर त्याहून नाही. त्याच्या शेवटच्या सकाळी मी ती कचऱ्याच्या पिशवीत घातली आणि खिडकीशी उभी राहिले.

गाडी आली. त्यानं पिशवी उचलली, खालून दाबत आणली. मध्यावर बोटं थांबली. त्यानं ते चौकोनी टणक काय आहे ते चाचपून घेतलं आणि मान वर केली.

"बाय, चुकान काय गेला नाय मा?"

"नाही, भाऊ," मी म्हटलं. "चुकून काही नाही."

त्या दिवशी म्हाताऱ्यानंही हॉर्न दाबला नाही. आणि यानं पिशवी फेकली नाही. वाकून, दोन्ही हातांनी, आत अगदी खाली नेऊन ठेवली.